आधी बोअर, मग मुलामा



 वर्कशॉपवाल्यांच्या या परिषदेच्या अध्यक्षपदासाठी माझी निवड धाडसाची आहे. मी नायट्रायडिंगची भट्टी चालवतो. इंजिनाच्या आतल्या भागांवर कोटिंग, नायट्रायडिंग, क्रोम असल्या प्रक्रिया करून घेणं परवडतं का, हे भट्टीवाल्याला विचारणं म्हणजे पेढे घ्यावेत का हे हलवायाला विचारण्यासारखं आहे. तरी विचारलंत, तर सांगतो. आपल्याकडे कामाला येणाऱ्या बहुतेक इंजिनांना परवडत नाही. ज्यांना परवडतं त्यांना चांगलंच परवडतं, आणि ती इंजिनं कोणती हे ओळखण्यातच आपला धंदा आहे.

शिरोळ-हातकणंगल्याकडचा ट्रॅक्टर घ्या. ऑइल खातो, धूर मारतो, म्हणून फुल इंजिनला येतो. लाइनर काढला की वरच्या रिंगेच्या जागी बोटाला पायरी लागते. झीज तिथंच सर्वांत जास्त होते, कारण पिस्टन तिथं क्षणभर थांबून उलटा फिरतो, ऑइलची फिल्म सर्वांत पातळ होते आणि उष्णता सर्वांत जास्त असते. मालक विचारतो, ‘या वेळी काहीतरी कोटिंग मारा, परत यायला नको.’ आपण लाइनरकडे बघतो; बघायला हवं एअर क्लीनरच्या होजकडे. होज चिरलेला असतो, क्लिप सैल असते, किंवा ऑइल-बाथच्या वाटीत चिखल साचलेला असतो. शेतातल्या धुळीत क्वार्ट्झ असतो आणि त्याचा हार्डनेस हजार विकर्सच्या घरात जातो. लाइनरचं बीड दोनशे-अडीचशेच्या आसपास. हार्ड क्रोमसुद्धा क्वार्ट्झच्या जेमतेम बरोबरीला येतं. म्हणजे धूळ आत येत राहिली, तर महागड्या थरावरही तीच पायरी पडणार, फक्त काही महिने उशिरा. होज बदलायला किती लागतात ते तुम्हाला ठाऊक आहे.

आता बोअरकडे येतो. इथं जरा रेंगाळणार आहे, कारण आपल्या हातात असलेली सर्वांत स्वस्त पृष्ठप्रक्रिया हीच आहे. होनिंगच्या खड्याने बीड कापलं जातं तेव्हा धातू फाटतो, दुमडतो आणि त्याच्या घड्यांत खड्याचे कण अडकून बसतात. जाड खड्यानंतर बारीक खड्याचे मोजके हात मारले की शेंडे बसतात, दऱ्या तशाच राहतात आणि त्या दऱ्यांत ऑइल टिकतं. हे आपण सगळे जाणतो. पण त्यानंतर काय करतो? रॉकेल किंवा डिझेलचा बोळा फिरवतो आणि बोअर चमकला की पिस्टन घालतो. रॉकेल ऑइल धुतं, खड्याचा चुरा दऱ्यांतून उचलत नाही. त्याला गरम पाणी, कपडे धुण्याची पावडर आणि ताठ ब्रश लागतो. घासायचं, पांढरं फडकं फिरवायचं, त्यावर राखाडी डाग दिसला की पुन्हा घासायचं. फडकं पांढरं राहीपर्यंत हे चालू ठेवायचं आणि लगेच ऑइलचा हात फिरवायचा, कारण धुतलेलं उघडं बीड बघता बघता गंजतं. इतकं न करता वर हजारो रुपयांचे कोटेड पिस्टन बसवले, तर त्या कोटिंगला पहिल्या तासातच आपल्याच खड्याचा चुरा दळून काढतो.

माझ्या भट्टीचं बोलतो. क्रँक येतात. ‘दहा साइज’ केलेले, म्हणजे दहा थाऊ ग्राइंड केलेले. व्यासात पाव मिलिमीटर, बाजूला सव्वाशे मायक्रॉन. कंपनीतून हा क्रँक सॉल्ट-बाथ पद्धतीने नायट्रोकार्ब्युराइज होऊन आला असेल, तर त्यावरचा सर्वांत कठीण पांढरा थर दहा-वीस मायक्रॉनचाच होता. तो ग्राइंडिंगच्या पहिल्या पासांतच उडाला. असा क्रँक परत भट्टीत घालणं योग्यच, आणि त्याचे पैसे मी निःसंकोच घेतो. पण तो इंडक्शन हार्डन केलेला असेल, तर दोन-तीन मिलिमीटर खोलवर तो कठीणच आहे. दहा काय, तीस साइज झाली तरी त्याला माझी गरज नाही. आणि हे दोन्ही क्रँक एकाच चिठ्ठीवर येतात: ‘क्रँक हार्ड करणे.’

ओळखायचं कसं? तांब्याच्या क्षाराचं द्रावण जर्नलवर एक थेंब टाका. उघडं पोलाद लगेच तांबूस होतं. नायट्राइडचा थर शाबूत असेल तर काही सेकंद रंग बदलत नाही. बाटली टेबलावर ठेवायची, एवढाच त्याचा खर्च. ही चाचणी न करता आलेले क्रँक मी भट्टीच्या दारातून परत पाठवतो, आणि माझे चिरंजीव म्हणतात, बाबा धंदा बुडवणार.

शिवाय भट्टी फुकट पडत नाही. सुमारे ५७० अंशांना क्रँकमधले जुने ताण सुटतात आणि तो वाकतो. मग कोणी प्रेसखाली घालून सरळ करतो, आणि ठिसूळ थराला केसाएवढ्या चिरा पडतात. त्या चिरा फिलेटपाशी असल्या, म्हणजे जर्नल जिथं वेबला मिळतं त्या गोलाईत, तर क्रँक तिथूनच तुटतो. फिलेटची त्रिज्या ग्राइंडिंगमध्ये बारीक झाली असेल, तर नायट्रायडिंगही तो क्रँक वाचवू शकत नाही.

दुसरी गोष्ट जोडीची. कोटिंग एकट्या भागावर चढतं, पण काम जोडीत करतं. विमानांची पिस्टन इंजिनं जोडणाऱ्यांचा जुना नियम आहे: क्रोमच्या बोअरमध्ये क्रोमच्या रिंगा घालायच्या नाहीत. दोन्ही उत्तम, एकत्र आल्या की एकमेकींना खातात. निकासिलचं उदाहरण तर सगळ्यांनी पाठ करावं. जर्मनीच्या माहले कंपनीने १९६७ मध्ये निकेलमध्ये सिलिकॉन कार्बाइडचे कण मिसळून हा थर तयार केला, तो एनएसयूच्या व्हँकेल इंजिनासाठी. पोर्शने तो ९१७ या शर्यतीच्या गाडीत वापरला आणि १९७३ च्या कॅरेरा आरएसमध्ये त्याच्या जोरावर बोअर ८४ वरून ९० मिलिमीटर केला. इतका विश्वासाचा थर! पण नव्वदच्या दशकात बीएमडब्ल्यूची निकासिल इंजिनं अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये कॉम्प्रेशन गमावू लागली. तिथल्या पेट्रोलमध्ये गंधक जास्त होतं. थंड इंजिनाच्या छोट्या फेऱ्यांत त्याचं आम्ल बनून निकेल खाल्लं गेलं. जॅग्वारच्या व्ही-आठ इंजिनांवर तीच वेळ आली आणि २००० साली त्यांनी बीडाचे लाइनर घातले. थर तोच होता, पेट्रोल वेगळं होतं.

आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहाचं इंधन आहे, गंधक दशलक्षात दहा भाग. त्यामुळे चाकणला बनणाऱ्या केटीएमच्या निकासिल सिलिंडरला ती भीती राहिली नाही. पण ती बाइक आपल्या दारात आली की रिबोअरचा हात आवरा. त्या थरावर साधे खडे चालत नाहीत, डायमंडचे लागतात. थर फुटला असेल तर पुन्हा प्लेटिंग किंवा नवा सिलिंडर. २००८ पासून आलेल्या यामाहा आर-१५ च्या डायासिल सिलिंडरमध्ये तर लाइनरच नाही. सिलिकॉनयुक्त ॲल्युमिनियमवरच पिस्टन धावतो. गिऱ्हाइकाला हे आधी सांगा, बिलाच्या वेळी नको.

डीएलसी म्हणजे हिऱ्यासारख्या कार्बनचा काळा थर सध्या फार मागितला जातो. टॅपेटवर, पिस्टन पिनवर तो खरोखर गुणी आहे, जाडी एक ते तीन मायक्रॉन. पण हायड्रोजन असलेल्या डीएलसीची झीज काही मॉलिब्डेनमयुक्त ऑइलमध्ये वाढते, हे प्रयोगशाळांत वारंवार दिसलेलं आहे. म्हणजे घर्षण कमी करायला घातलेलं ऑइल घर्षण कमी करणाऱ्या थराचाच घास घेतं. कंपनी थर, ऑइल आणि रिंग तिन्ही एकत्र ठरवते. आपण थर एकाकडून घेतो, रिंग दुसऱ्याकडून, आणि ऑइल पेट्रोल पंपावर जे मिळेल ते.

पिस्टनच्या माथ्यावर सिरॅमिक मारून उष्णता आत कोंडायची आणि मायलेज वाढवायचं, ही कल्पना तर मोठमोठ्यांना भुलवून गेली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेत कमिन्स आणि तिथल्या लष्कराने ‘ॲडिॲबॅटिक’ इंजिनावर काम केलं. रॉय कामो आणि वॉल्टर ब्रायझिक ही त्यातली नावं. पाच टनी लष्करी ट्रक रेडिएटरशिवाय चालवूनही दाखवला. पण कोंडलेल्या उष्णतेतली बरीचशी एक्झॉस्टमधून निघून जाते, तापलेल्या भिंती आत येणाऱ्या हवेला फुगवतात, आणि जर्मनीत वोश्नी यांनी १९८७ मध्ये मोजमाप मांडलं, तेव्हा इंधन वाढलेलंच दिसलं. २०१५ मध्ये टोयोटाने जीडी डिझेलच्या पिस्टनवर वेगळी वाट काढली. जाड सिरॅमिक टाळून त्यांनी सच्छिद्र अ‍ॅनोडायझिंगचा, सिलिकाने बळकट केलेला पातळ थर दिला. तो वायूबरोबर झटकन तापतो आणि झटकन निवतो. हे घडवायला कंपनीची प्रयोगशाळा लागली. स्प्रे गनने पिस्टनवर पांढरं काही मारून ते होत नाही.

बाटलीतल्या ‘ट्रीटमेंट’बद्दल दोनच वाक्यं. टेफ्लॉन-वर्गातला पदार्थ इंजिनाच्या आत थर धरतो म्हणणाऱ्या स्लिक ५० च्या जाहिरातींविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९६ मध्ये तक्रार केली, आणि १९९७ मध्ये समझोता होऊन ते दावे आवरावे लागले. चांगल्या ऑइलमधलं झिंकचं संयुग घासणाऱ्या पृष्ठभागावर स्वतःच मायक्रॉनच्या दहाव्या भागाएवढी काचेसारखी फिल्म तयार करतं, आणि त्याचे पैसे गिऱ्हाइकाने ऑइलच्या किमतीत आधीच भरलेले असतात.

आता हिशेब. होल्मबर्ग आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मोटारींसाठी मांडलेल्या हिशेबानुसार इंधनातल्या ऊर्जेपैकी सुमारे साडेअकरा टक्के इंजिनाच्या घर्षणात जाते. त्यातला अर्धा वाटा पिस्टन-रिंगांचा धरा. कोटिंगने त्यात दहा टक्के कपात झाली असं उदारपणे मानलं, आणि घर्षण घटलं की एक्झॉस्ट व कूलिंगमधली वाया जाणारी ऊर्जाही त्या प्रमाणात घटते हे मोजलं, तरी इंधनाची बचत दीड टक्क्याच्या आसपास येते. वर्षाला पाचशे तास, तासाला चार लिटर चालणाऱ्या ट्रॅक्टरला ती तीस लिटर, म्हणजे नव्वद रुपयांच्या भावाने सत्तावीसशे रुपये. शेजारी कोटिंगचं बिल ठेवा आणि किती हंगामांत फिटतं ते गिऱ्हाइकालाच मोजू द्या. रात्रंदिवस चालणाऱ्या जनरेटरचे तास त्याच्या दसपट असतात, तिथं उत्तर पालटतं. शर्यतीच्या गाडीत तर कोणी पैसे मोजतच नाही.

मग पैसे कुठं घालावेत? पिस्टनच्या स्कर्टवर ग्रॅफाइट-मॉलीचा छापील थर, जरूर. स्वस्त आहे आणि थंड सुरुवातीला पिस्टन चिकटण्यापासून वाचवतो. कॅम-टॅपेटला मँगनीज फॉस्फेट, जरूर. पहिल्या तासांतच त्याचं काम असतं आणि तो ते करतो. कनेक्टिंग रॉड आणि व्हॉल्व्ह स्प्रिंगवर शॉट पीनिंग, पण अल्मेन पट्टी दाखवत असेल त्याच्याकडूनच. ही स्प्रिंग स्टीलची छोटी पट्टी भागाबरोबर मारा खाते, वाकते, आणि ती किती वाकली यावरून मारा किती बसला ते कळतं. जनरल मोटर्समधल्या जॉन अल्मेन यांची ही युक्ती ऐंशी वर्षांची झाली, तरी आपल्याकडे ‘पीनिंग झालं का’ याचं उत्तर अजून ‘बघा की, मॅट झालंय’ असं मिळतं. फोर्डने २०११ च्या शेल्बी जीटी-५०० मध्ये लाइनरऐवजी बोअरवर वितळलेल्या तारेचा फवारा दिला आणि पुढे हेच तंत्र जुने ब्लॉक पुन्हा उभे करायला वापरलं. आपल्या लाइनवर तसं यंत्र एकट्याला झेपणार नाही. चार-पाच जणांनी मिळून विचार करावा, एवढंच आज म्हणतो.

या परिषदेत मला एक ठराव हवा आहे. पृष्ठप्रक्रियेच्या बिलावर नुसतं ‘कोटिंग’ किंवा ‘हार्ड करणे’ लिहिणं बंद करायचं. मूळ धातू, प्रक्रियेचं नाव, थराची जाडी मायक्रॉनमध्ये, हार्डनेस, जोडीला कोणता भाग येणार, कोणतं ऑइल चालेल, आणि प्रक्रियेआधीचं व नंतरचं माप, एवढं लिहायचं. भट्टीत प्रत्येक लॉटबरोबर त्याच धातूचा एक तुकडा जावा आणि हार्डनेस त्यावर घ्यावा, म्हणजे गिऱ्हाइकाच्या क्रँकवर टोचे मारायला नकोत. माझ्या भट्टीचं बिलबुक याच नमुन्यात छापायला दिलं आहे आणि त्याच्या प्रती नोंदणीच्या टेबलावर आहेत. ग्राइंडिंगवाल्यांनी सकाळीच त्यात फिलेटच्या त्रिज्येचा रकाना घालायला लावला, तो घातला आहे. होनिंगवाल्यांचा रकाना अजून कोरा आहे. दुपारच्या सत्रात तो भरून द्या.