कोंबड्याची बाजू
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



अंगठे धरून किंवा कान पकडून कोंबडा झाला नाही, असा आपल्या वर्गात एकही मुलगा नसेल. पण मी आज बोलणार आहे ते खऱ्या कोंबड्याबद्दल.

आम्ही तेव्हा डोंबिवली पश्चिमेला राहायचो. घरामागे आजीच्या सात-आठ गावठी कोंबड्या आणि एक तांबडा कोंबडा होता. तुमच्यापैकी बरेच जण शाळा सुटल्यावर तिथे यायचे. एक पंख पाडून, मान फुगवून तो अंगावर आला, की दप्तरं टाकून पळायचे. आपण पोट धरून हसायचो.

१९७८च्या पावसाळ्यात तो माझ्या धाकट्या बहिणीवर धावला. ती सहा वर्षांची होती. त्याच्या पायामागचा काटा डोळ्याच्या बोटभर खाली लागला. तीन टाके पडले. दवाखान्यातून आल्यावर वडील एवढंच म्हणाले, "गटारी जवळ आली आहे." आषाढ अमावास्येला संध्याकाळी आजीने पाटावर दिवे मांडले आणि रात्री त्याच कोंबड्याचा रस्सा झाला. पोट दुखतंय म्हणून मी जेवलो नाही.

पोट दुखत नव्हतं. त्याच वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत तो कोंबडा पाच-सहा महिन्यांचा होता, नुकता आरवायला लागला होता. दुपारी घरातले झोपले, की मी कुंपणातून काठी घालून त्याला डिवचायचो. तो झेप घ्यायचा आणि मी काठी टाकून पळायचो. समोरचा पळाला म्हणजे आपण जिंकलो, एवढंच कोंबड्याला कळतं. माणूस पळतो, हे त्याला मी शिकवलं. हे मी घरी कधीच सांगितलं नाही.

ठाण्यातली नोकरी संपल्यावर मी टिटवाळ्याला राहायला गेलो. तिथे दहा कोंबड्या आणि एक कोंबडा पाळला. गेल्या वर्षी तो नातवावर धावला. सून म्हणाली, "बाबा, याला आजच काढा." मी एका महिन्याची मुदत मागितली.

त्या महिन्यात नातवाला अंगणात एकटं जाऊ दिलं नाही. मी लाथ मारली नाही, काठी उगारली नाही आणि पळालोही नाही. तो आला की डालगं पुढे धरून जागीच उभा राहायचो. मग सावकाश पुढे सरकायचो, तो बाजूला होईपर्यंत. अंधार पडून तो खुराड्यात बसला, की त्याला उचलून थोडा वेळ काखेत धरायचो. काट्यांची टोकं कानशीने बोथट केली. कोंबड्यांच्या मध्ये मात्र एकदम घुसलो नाही. त्यांना राखणं हे त्याचं कामच आहे. तिसऱ्या आठवड्यात तो मला वाट देऊ लागला.

प्रत्येक कोंबडा असा वळतोच असं नाही. लहान मूल घरात असेल तर धोका पत्करू नये. अंडी कोंबड्याशिवायही मिळतात. तो लागतो फक्त पिल्लांसाठी. आमचाही आजवर जाळीच्या आतच असतो आणि नातू बाहेरून कणी टाकतो. पण त्याला काठी हातात घेऊ देत नाही.

माझी बहीण आपल्याच शाळेची. आज ती तिसऱ्या रांगेत बसली आहे. गालावरची खूण कोणी विचारली, की ती अजून सांगते, "आमच्या कोंबड्याने मारलं." अगं, त्याला मी चिडवून ठेवलं होतं. शिक्षा त्याला झाली, जखम तुला झाली आणि मी गप्प बसलो. घरी सांगायला हवं होतं, ते आज सगळ्यांसमोर सांगतो. मला माफ कर.

गुरुजी, आता सांगाल तर अंगठे धरतो. गुडघे मात्र सांभाळून घ्या.