प्रवासातील सौजन्य : एक सामाजिक कर्तव्य



1 जून 1948 रोजी पुणे ते अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. 'बहुजन हिताय, बहुजन सुखाय' हे तिच्या सेवेचे ब्रीद. गाडी सर्वांची झाली, रस्ते वाड्यावस्त्यांपर्यंत पोचले आणि शेतकरी, विणकर, विद्यार्थी, रुग्ण असे सर्व थरांतील लोक एकाच बाकावर शेजारी शेजारी बसू लागले. शासन गाडी देऊ शकते. परंतु त्या बाकावर शेजाऱ्याशी कसे वागावे, हे मात्र ज्याचे त्यानेच ठरवायचे असते.

सोलापूरच्या बसस्थानकावर हा प्रश्न फार ठळकपणे दिसतो. अकरा तालुक्यांच्या या जिल्ह्यात पंढरपूर आणि अक्कलकोट ही तीर्थक्षेत्रे, शेजारी तुळजापूर, आणि पलीकडे कर्नाटकाची सीमा. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चार भाषा येथे एका फलाटावर कानी पडतात. गाडी लागताच लोक धावतात. खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी, प्रसंगी लहान मूलही आत जाते आणि 'जागा धरली' असे जाहीर होते. उतरणाऱ्यांना वाट मिळण्यापूर्वीच चढणारे दार अडवितात. या झटापटीत मागे कोण राहते? डोक्यावर गाठोडे घेतलेली वृद्धा, कडेवर मूल असलेली माता, दप्तर सांभाळणारी शाळकरी मुलगी, रुग्णालयात निघालेला अशक्त माणूस. ज्यांना आसनाची सर्वांत अधिक गरज, त्यांनाच ते सर्वांत शेवटी मिळते.

आत गेल्यावरही दोघांच्या बाकावर पाय पसरून बसणे, चालत्या गाडीतून पिंक टाकणे, शेंगांची टरफले पायाखाली सांडणे, सुट्ट्या पैशांवरून वाहकाशी हुज्जत घालणे हे प्रकार चालूच असतात. अलीकडे त्यात भ्रमणध्वनीवरील मोठ्या आवाजातील गाण्यांची व चित्रफितींची भर पडली आहे. रात्रीच्या रेल्वेप्रवासाचीही तीच कथा. शयनयानात रात्री 10 ते सकाळी 6 हा वेळ झोपेचा म्हणून नियमाने राखलेला आहे. तरीही मध्यरात्री दिवे लावून गप्पांचा फड रंगतो, आणि दुसऱ्या दिवशी मुंबईत कामावर उभे राहावयाचे असलेला सहप्रवासी डोळे मिटून नुसता पडून राहतो.

हा दोष आजचा नाही. महात्मा गांधींनी दक्षिण आफ्रिकेतून परतल्यावर तिसऱ्या वर्गाने देशभर प्रवास केला. प्रवाशांच्या हालांबद्दल त्यांनी रेल्वेच्या अधिकाऱ्यांना धारेवर धरले, परंतु प्रवाशांची अस्वच्छता, उद्धटपणा आणि स्वार्थ यांनाही त्यांनी आत्मकथेत तितकेच जबाबदार ठरविले. पुढे 1974 मध्ये तिसरा वर्ग रद्द झाला. प्रा. मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गाद्या आल्या. बाके मऊ झाली. परंतु त्यावर बसणाऱ्याच्या वागण्यात मार्दव आणणे कोणत्याही मंत्र्याच्या हाती नव्हते.

कायदा आहेच. 1989 च्या रेल्वे अधिनियमानुसार अनारक्षित डब्यात दुसऱ्याचा रास्त प्रवेश अडविणे हा दंडनीय अपराध आहे. राज्य परिवहनाच्या गाडीत महिला, ज्येष्ठ नागरिक, दिव्यांग यांच्यासाठी आसने राखीव असतात. पण राखीव आसनावर बसलेला तरुण खिडकीबाहेर पाहू लागला, तर त्याच्या डोक्यावरील पाटी त्याला उठवू शकत नाही. नियम हक्क सांगतो. तो हक्क मागण्याची वेळ दुर्बलावर येऊ न देणे, हे सौजन्य होय.

येथे एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. आषाढी वारीत लक्षावधी माणसे पंढरपूरची वाट चालतात. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यात प्रत्येक दिंडीचा क्रम ठरलेला असतो. रथापुढे 27 दिंड्या चालतात. चोपदाराचा दंड वर होताच हजारोंचा समुदाय शांत होतो. लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात. दर्शनबारीत तासन् तास उभे राहूनही कोणी तक्रार करीत नाही. मात्र त्याच समाजातील माणसे परतीच्या गाडीवर तुटून पडताना दिसतात. माणसे तीच, मग वर्तन का बदलावे? दिंडीत प्रत्येकाला आपली जागा ठाऊक असते. आपण मागे राहू, ही भीती तेथे नसते. बसस्थानकावर ती भीती असते, आणि भीतीपोटी माणूस शेजाऱ्याला विसरतो. म्हणून केवळ उपदेश पुरेसा नाही. व्यवस्था आणि संस्कार यांनी एकमेकांच्या हाताला हात लावला पाहिजे.

याची निकड आता वाढली आहे. ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरील नागरिकांना राज्य परिवहनाचा प्रवास विनामूल्य झाला. मार्च 2023 पासून सर्व महिलांना भाड्यात 50 टक्के सवलत मिळाली. जे वृद्ध व ज्या स्त्रिया पूर्वी खर्चापायी घरी राहत, त्या आता गाडीपर्यंत येतात. सवलतीने त्यांना फलाटावर आणले. तेथून आत जाण्याची वाट सहप्रवाशांनी द्यावयाची आहे. रोजच्या रेटारेटीला कंटाळून एखाद्या पालकाने मुलीची शाळा थांबविली, तर विनामूल्य पासाचा उपयोग काय?

यात प्रत्येकाला करण्याजोगे काही आहे. गाडी नेमक्या फलाटावर व वेळेवर लागेल आणि तशी स्पष्ट सूचना दिली जाईल, हे अधिकाऱ्यांनी पाहावे. धावाधाव निम्मी तेथेच थांबेल. पंचायत सदस्यांनी गावच्या थांब्यावर सावली व रांगेची सोय करावी, आणि स्वतः रांगेत उभे राहावे. त्या उदाहरणाचे वजन कोणत्याही फलकापेक्षा अधिक असते. शिक्षकांनी शाळा सुटल्यावर मुलांना ओळीने चढण्याची सवय लावावी. आधी उतरणारे, मग लहान मुले व मुली, मग इतर, एवढाच तो पाठ. पाटी न वाचता येणाऱ्या परभाषिक वृद्धेला 'ही गाडी अक्कलकोटची' असे सांगणे, हे तर कोणालाही जमावे.

प्रवास दोन तासांचा असो वा रात्रभराचा, शेजारी बसलेला माणूस पुन्हा भेटेलच असे नाही. त्याच्याकडून परतफेडीची आशा नसताना त्याच्यासाठी थोडे सरकून बसणे, यातच नागरिकत्वाची खरी कसोटी आहे.