दौत आणि अंगठा



आम्ही संघटना, संप आणि पगारवाढ यांवर बोलावे, अशी या व्याख्यानमालेच्या चालकांची अपेक्षा असणार. आम्ही विषय कळविला तो मात्र जुन्या दौतींचा! तेव्हा एकदोघांनी हसत विचारले, "कामगारांच्या माणसाला हा सरदारी शौक कुठून लागला?" प्रश्न रास्त आहे. आजचे व्याख्यान म्हणजे त्याचेच उत्तर समजावे.

दौत आज घरातून गेली, पण एकेकाळी ती राज्ये चालवीत होती. दौत हा शब्द अरबी, कलमही अरबी. शाई ही फारसी ‘स्याही’, म्हणजे काळेपणा. त्यामुळे आपण तांबडी शाई म्हणतो, तेव्हा शब्दशः तांबडा काळेपणाच म्हणत असतो! ही शाई घरीच होत असे. दिव्याची काजळी, बाभळीचा डिंक आणि पाणी एकत्र करून तासन्‌तास घोटावयाचे. दुसरी कृती हिरडा आणि हिराकस यांची. पहिली शाई कागदावर बसते आणि पाण्याने धुऊन निघू शकते. दुसरी कागदात उतरते आणि फार तीव्र झाली, तर काही वर्षांनी कागदच खाते. दौतीत चिंधीचा बोळा घालीत. त्यामुळे शाई सांडत नसे आणि बोरूच्या टोकाला हवी तेवढीच लागे. आमच्या इंझोरीपासून कारंजा फार दूर नाही. तेथील जैन मंदिरांतील हस्तलिखितांची भांडारे प्रसिद्ध आहेत. ती पाहताना अक्षरांचे कौतुक सारेच करतात. ती काजळी घोटणाऱ्या हातांची आठवण आम्हाला आधी होते.

दौती तरी किती तऱ्हेच्या! मातीच्या, काचेच्या, चिनी मातीच्या, ओतीव पितळेच्या. कारकुनाने कमरेला खोचावयाच्या कलमदानाला दौत जोडलेलीच असे. साहेबी अंमलात विलायती शाईच्या दगडी मातीच्या बाटल्या आल्या. मग स्वदेशीच्या दिवसांत दिगंबर परशुराम दांडेकर यांनी १९३१ साली मुंबईत शाईची पूड आणि वड्या करावयास घेतल्या. त्यांची छाप ‘घोडा’. ‘कॅमल’ शाई त्यानंतरची, आणि याच उद्योगाचे नाव पुढे ‘कॅमलिन’ झाले. १८८४ साली वॉटरमनने फाउंटन पेनाचे पेटंट घेतले होते. १९३८ मध्ये बिरोने बॉलपेनचे घेतले. त्यानंतर दौतीचे दिवस भरत आले, आणि ती माळ्यावर गेली.

आता मुद्द्याची गोष्ट. दौत होती कोणाच्या हाती? कुलकर्ण्याच्या, सावकाराच्या, मुनिमाच्या. तिच्यासमोर बसणाऱ्या कुणब्याजवळ होता फक्त अंगठा. खतात काय लिहिले, हे त्याला वाचता येत नसे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी उठले. दक्षिणेतल्या त्या दंग्यांत त्यांचा मुख्य रोख कर्जखतांवर होता. सावकाराकडून खते हिसकावून घ्यावीत आणि जाळावीत, हेच काम. आपल्याला न वाचता येणारा कागदच आपल्याला बांधतो, हे त्यांनी नेमके ओळखले होते. नंतर १८७९ साली कायदा झाला. त्यात शेतकऱ्याचे खत सरकारी ग्रामनिबंधकाच्या देखरेखीखाली लिहावे, असे कलम घालावे लागले. म्हणजे दौत सावकाराच्या ओसरीवरून उचलून तिऱ्हाइताच्या समोर ठेवावी लागली.

त्याच दौतीचा दुसरा उपयोग नारायण मेघाजी लोखंडे यांनी दाखविला. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारच्या आयोगापुढे ठेवला. आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती आणि वेळेवर पगार, ही मागणी. १८९० च्या जूनमध्ये रविवारची सुट्टी मिळाली. आज आपण सुट्टीच्या दिवशी निवांत व्याख्याने ऐकतो, त्यात त्या शाईचा वाटा आहे.

म्हणून दौत दिसली, की आम्हाला एकदम दोन्ही गोष्टी दिसतात: बांधणारे खत आणि सोडविणारा अर्ज. शौक लागला तो असा.

संग्रह कसा करावा, याचा धडा पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकरांनी घालून दिला आहे. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारा हा गृहस्थ (१८९६-१९९०) सुमारे १९२० पासून खेडोपाडी हिंडून दिवे, अडकित्ते, दौती, वाद्ये आणि दरवाजे गोळा करीत राहिला. लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी संग्रहालय उभे केले आणि पुढे ते महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केले. तेथे वीस हजारांवर वस्तू आहेत. त्यांतील कितीतरी वस्तू कोणा राजाच्या नव्हेत, तर स्वयंपाकघरातल्या, ओसरीवरच्या, माजघरातल्या आहेत. ज्या वस्तूकडे कोणी पाहत नव्हते, ती पाहण्याजोगी आहे, असे त्यांनी आधी स्वतःला आणि मग आपल्याला पटविले.

हल्ली जुन्या वस्तूंनी घर सजविण्याची हौस वाढली आहे. समई, घंगाळ, कंदील, जाते दिवाणखान्यात येतात. हौसेला आमचा विरोध नाही, पण चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. पहिली, पितळ आम्लाने चकचकीत करू नये. मऊ कापडाने हलकेच पुसावे, कोरीव काम घासून काढू नये. दुसरी, काचेच्या दौतीत वाळलेली शाई असेल, तर ती गार पाण्यात भिजत ठेवावी. गरम पाण्याने जुनी काच तडकते. तिसरी, वस्तू वजनावर मोडीत देऊ नये. मोडीत जाते ते पितळ, पण नाहीशी होते ती तांबटाची कारागिरी. चौथी, शंभर वर्षांवरची कलावस्तू खाजगी माणसाला परदेशी पाठविता येत नाही. १९७२ चा कायदा तशी मनाई करतो.

पण या साऱ्यांपेक्षा महत्त्वाचे असे: वस्तूबरोबर एक चिठ्ठी ठेवावी. कोणाची, कोठली, तिने काय लिहिले गेले, एवढे तरी. नाव-गाव नसलेली दौत म्हणजे नुसते पितळ.

आणि येथे आमची खरी अडचण उभी राहते. ज्यांच्या घरी दौत होती, त्यांच्या नातवांजवळ ठेवावयास काहीतरी आहे. ज्यांच्या घरी अंगठाच होता, त्यांनी भिंतीवर काय टांगावे? आमच्या वऱ्हाडात सरकी काढण्याच्या जिनांत हंगामी कामाला येणाऱ्या बाया आम्ही पाहिल्या आहेत. पगाराच्या पत्रकावर त्या अंगठा लावीत, आणि रक्कम किती लिहिली आहे, हे दुसऱ्याला विचारीत. आमचेही शिक्षण शाळेत फारसे झालेले नाही. जे झाले, ते वाचनालयात आणि सभेच्या सतरंजीवर. म्हणून संघटनेच्या कामाबरोबर आम्ही रात्री सही शिकविण्याचे वर्ग चालविले. एका बाईने पहिली सही केली, ती सबंध ओळभर तिरपी गेली. तरीही ती दोन वेळा मोठ्याने वाचून मगच तिने पेन खाली ठेवले.

आमच्या घरी पितळी दौतींच्या फळीशेजारी संघटनेच्या जुन्या नोंदवहीचे एक पान चौकटीत लावलेले आहे. वरच्या ओळींत अंगठे, खालच्या ओळींत सह्या. पाहुणे दौती पाहावयास येतात आणि त्या पानापुढे जास्त वेळ थांबतात. तेही पान संग्रहच आहे, असे आम्ही म्हणतो. पहिली सही, पहिले पगारपत्रक, आजीने शिकताना गिरवलेली पाटी, या वस्तू बाजारात कवडीमोल असतील, पण उद्या आपल्या लोकांचा इतिहास लिहिणाऱ्याला त्या पितळेहून उपयोगी पडतील.

तेव्हा घरी गेल्यावर माळा एकदा पाहावा. दौत सापडली तर चिठ्ठी लिहावी, नाही सापडली तर वडीलधाऱ्यांना विचारावे, पहिली सही केव्हा केली आणि कशावर. ते उत्तर तारखेसह लिहून ठेवावे.