बैल जाण्याआधी झोपा



आज मी तुम्हांला एका चोरीची गोष्ट सांगणार आहे. चोरी दुसऱ्या कुणाची नव्हे, माझीच झाली.

गेल्या साली ज्वारीची काढणी चालू होती. मी तालुक्याच्या बाजाराला गेलो होतो. मोबाईल सदऱ्याच्या वरच्या खिशात होता. परत निघालो, तर एस.टी.ला ही गर्दी! दारात रेटारेटी चालली. कुणी मागून ढकलले, कुणी पुढे हात आडवा घातला. मी कसाबसा आत शिरलो आणि खिसा चाचपला. खिसा मोकळा!

तसाच खाली उतरलो आणि पोलीस ठाणे गाठले. हवालदारांनी विचारले, "गुरुजी, फोनचा नंबर सांगा."

मी घडाघडा नंबर म्हणून दाखवला. ते म्हणाले, "अहो, हा सिमचा नंबर झाला. फोनचा स्वतःचा नंबर सांगा. आय.एम.ई.आय. नंबर."

मी गप्प. फोनचे खोके रद्दीत गेलेले. पावती कुठे ठेवली, देव जाणे. ३५ वर्षे मुलांना अंक शिकवले, आणि आपल्याच वस्तूचा अंक मला सांगता येईना!

बाकावर आपल्या रात्रीच्या वर्गातल्या एक मावशी बसल्या होत्या. त्यांचाही फोन त्याच बाजारात गेला होता. इतक्यात त्यांचा नातू घरून वही घेऊन आला. वहीच्या शेवटच्या पानावर १५ अंक लिहिलेले. अक्षर वाकडे, पण अंक एकही चुकलेला नाही. 'फोनच्या खोक्यावरचा नंबर वहीत उतरवून आणा,' हा अभ्यास वर्गात मीच दिला होता, बरे का! मावशींनी तो केला. मी केला नाही.

चार महिन्यांनी मावशींना ठाण्यातून बोलावणे आले. फोन दुसऱ्या जिल्ह्यात सापडला होता. माझा काही सापडला नाही. नंबर लिहिला की फोन मिळतोच, असे मी म्हणत नाही. पण नंबर नसेल, तर शोध कशाचा घ्यायचा?

हा नंबर म्हणजे काय? आपल्या गुरांच्या कानात बिल्ला असतो ना, तसाच हा फोनचा बिल्ला. प्रत्येक फोनचा वेगळा. सिम हे नुसते दावे. चोर दावे तोडून फेकून देतो आणि बैलाला दुसरे दावे लावतो. पण बिल्ला बैलाबरोबरच जातो.

हा नंबर खोक्यावर आणि पावतीवर असतो. खोके नसेल, तर फोनवर *#०६# एवढे दाबा. नंबर समोर दिसतो. दोन सिमच्या फोनला असे दोन नंबर असतात. दोन्ही लिहा. लिहून झाले, की एकेक अंकावर बोट ठेवून ताडून पाहा. वही घरात ठेवा, फोनबरोबर नको.

आता दुसरी गोष्ट ऐका. जवळच्या गावच्या एका शेतकऱ्याने कांदा विकला. पैसे बँकेत जमा झाले. पैसे पाठवायचा पिन लक्षात राहीना, म्हणून त्याने तो चिठ्ठीवर लिहिला आणि चिठ्ठी फोनच्या कव्हरात ठेवली. फोनला कुलूपही नव्हते. फोन गेला. दोन दिवसांनी तो बँकेत गेला, तेव्हा कळले की खाते रिकामे. आधी कळणार कसे? पैसे गेल्याचा संदेशही त्याच फोनवर येत होता! त्या वर्षी त्याने बियाणे उसने आणले.

म्हणून मंडळी, एवढे ध्यानात धरा. एक अंक लिहून ठेवायचा, तो फोनचा. एक अंक कधीच लिहायचा नाही, तो पिनचा. तो डोक्यात ठेवावा, आणि कुणी गोड बोलून विचारला तरी सांगू नये. साहेब म्हणवणाऱ्यालाही नाही.

फोनला कुलूप लावा. पण तेवढे पुरत नाही. चोर सिम काढून दुसऱ्या फोनात घालतो, आणि बँकेचे संदेश त्याला मिळू लागतात. म्हणून सिमलाही कुलूप लावता येते. ते मात्र माहीतगार माणसाला शेजारी बसवून लावा. अंक तीनदा चुकला, तर सिम अडकून बसते.

बाजारात, जत्रेत, वारीच्या गर्दीत फोन वरच्या खिशात ठेवू नये. कोपरीच्या आतल्या खिशात ठेवावा. बायांनी कमरेच्या पिशवीत ठेवावा. रेल्वेत खिडकीशी बसून फोन हातात धरू नये. गाडी हळू झाली, की बाहेरून हात येतो.

एवढे करूनही फोन गेलाच, तर रडत बसू नका. चोराला वेळ देऊ नका. क्रमाने असे करा.

पहिले काम, शेजाऱ्याचा फोन घेऊन सिमच्या कंपनीला कळवा आणि सिम बंद करा.

दुसरे, बँकेला कळवा. पैसे गेले असतील, तर लगेच १९३० या नंबरावर सांगा. जितका उशीर, तितके पैसे दूर जातात.

तिसरे, पोलीस ठाण्यात तक्रार द्या. तक्रारीची प्रत मागून घ्या. प्रत घेतल्याशिवाय उठू नका.

चौथे, त्याच नंबराचे नवे सिम काढा.

पाचवे, 'संचार साथी' या सरकारी सोयीवर अर्ज भरा. ही सोय मे २०२३ पासून साऱ्या देशात सुरू आहे. तक्रारीची प्रत, ओळखीचा पुरावा आणि तो १५ अंकी नंबर लागतो. घरी जमत नसेल, तर सेवा केंद्रात जा. अर्ज मंजूर झाला, की तो फोन देशात कुठल्याच कंपनीच्या सिमवर चालत नाही. अर्जाचा क्रमांकही वहीत लिहा. फोन सापडला, तर तो पुन्हा चालू करायला हाच क्रमांक लागतो.

आणखी एक. रस्त्यावर कुणी दहा हजारांचा फोन दोन हजारांना देऊ लागला, तर घेऊ नका. पावती मागा. पावती नाही म्हणाला, तर वाट धरा. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हाही गुन्हा आहे. आणि तो फोन कुणा मावशीचाच असायचा! घेणाराच नसेल, तर चोर चोरील कशाला?

बैल गेला नि झोपा केला, असे आपण म्हणतो. माझे तसेच झाले. तुमचे होऊ नये.

त्या मावशी आज इथेच बसल्या आहेत. नाव सांगू नका म्हणाल्या, म्हणून सांगत नाही. दोन वर्षांमागे त्या अंगठा उठवीत होत्या. त्या दिवशी ठाण्यात हवालदारांनी त्यांची वही हातात घेतली आणि विचारले, "कुणी लिहून दिलं?"

मावशी म्हणाल्या, "मीच लिहिलं."

आज रात्री जेवणाआधी तुम्हीही वही उघडा. १५ अंक लिहा. उद्या वर्गात मी प्रत्येकाची वही पाहणार आहे. माझी तुम्ही पाहा.