नाव कोणाचे, नोंदवही कोणाची?



इंटरनेटला सरहद्द नाही, असे आपण उठल्याबसल्या ऐकतो. रोहादिरेक्ता या स्पॅनिश संकेतस्थळाची हकिकत मात्र निराळे सांगते.

फुटबॉलचे सामने कोठे पाहावयास मिळतील, याचे दुवे हे स्थळ देई. मालक कंपनी स्पेनमधली. स्पेनच्या न्यायालयांत प्रकरण गेले, आणि निकाल कंपनीच्या बाजूने लागला. तरीही २०११ च्या आरंभी अमेरिकन सरकारने या स्थळाची डॉट कॉम व डॉट ऑर्ग ही दोन्ही नावे जप्त केली. स्पेनमध्ये एक शिपाई गेला नाही की कोणाच्या यंत्राला हात लागला नाही. मग जप्ती झाली कशी?

डॉट कॉमने संपणाऱ्या यच्चयावत नावांची मुख्य नोंदवही एकच, आणि ती व्हेरीसाइन ही अमेरिकन कंपनी सांभाळते. डॉट ऑर्गची वही ठेवणारी संस्थाही तिकडचीच. न्यूयॉर्कच्या न्यायालयाचे वॉरंट निघाले, वहीतली नोंद बदलली, आणि ते नाव टंकणारा माणूस सरकारी शिक्क्यांच्या पाटीपुढे जाऊन उभा राहिला! जमीन कसणारा एक आणि सातबारा दुसऱ्याच्या कपाटात, म्हणजे काय होते, हे ज्यांची चार गुंठे जमीन आहे त्यांना आम्ही सांगावयास नको. दीड वर्षाने, ऑगस्ट २०१२ मध्ये, सरकारने खटला सोडून दिला व नावे परत केली. मधल्या काळात ते स्थळ दुसऱ्या देशांच्या आडनावांखाली चालूच होते, ही त्यातली गंमत.

मग देशांची आडनावे तरी सुरक्षित आहेत काय? इराणविरुद्ध नुकसानभरपाईचे निवाडे मिळवलेल्या कुटुंबांनी वसुलीपोटी इराणचे डॉट आयआर हे आडनावच मागितले. वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने २०१६ साली ती मागणी नाकारली. तसे केल्यास तिऱ्हाइतांचे व साऱ्या व्यवस्थेचेच नुकसान होईल, असा त्यांचा विचार. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला मूळ यादीवरची अमेरिकन सरकारची देखरेख संपली. ती यादी पाहणारी आयकॅन ही संस्था मात्र कॅलिफोर्नियाच्या कायद्याखाली नोंदलेली आहे, आणि डॉट कॉमची वही आहे तेथेच आहे.

आपल्या पेठेतल्या पाट्या वाचा. डॉट कॉमच जास्त दिसतील. डॉट इन घेतले म्हणजे सुटलो, असेही आम्ही म्हणत नाही. तेथे हुकूम आपल्या न्यायालयांचा व सरकारचा चालतो. फक्त त्या न्यायालयाची पायरी आपल्याला ठाऊक असते, आणि वकील गाठावयास समुद्र ओलांडावा लागत नाही.