सुईंतलें सोबतीचें औषध

मी वैद्य नव्हे. खडूफळ्यापाशीं आयुष्य घालविलेला शिरूर कासारचा एक निवृत्त शिक्षक आहें. आमच्या बीड जिल्ह्यांतून दरवर्षीं हजारों कुटुंबें ऊसतोडणीस जातात. कोयत्याचा घाव हातावर बसला, तर शस्त्रक्रियेसाठीं रोग्यास पुरतें न निजवितां मानेजवळ किंवा बगलेंत सुई देऊन तेवढा हात बधिर करतां येतो. त्या सुईंत पुष्कळदां औषध एकटें नसतें. त्याला एक सोबती दिलेला असतो. तो सोबती कितपत भरंवशाचा, हें आज पाहूं.

१८८४ सालीं व्हिएन्ना येथें कार्ल कोलर यांनीं कोकेननें डोळा बधिर करून दाखविला. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं जर्मन शल्यवैद्य हाइनरिख ब्राउन यांनीं अशा औषधांत ॲड्रेनलिन मिसळलें. त्यानें रक्तवाहिन्या आकसतात, औषध जागेवर अधिक वेळ टिकतें आणि रक्तांत सावकाश उतरतें. त्याचें प्रमाण तें केवढें? सामान्यतः दोन लाख भागांत एक भाग!

मग सोबती सदैव हितकारकच काय? ह्याचें उत्तर शोधतांना आपल्या जुन्या राज्याची आठवण होते. बीड तेव्हां निजामाच्या राज्यांत होतें. १८८८ व १८८९ सालीं हैदराबादेस डॉक्टर एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकारानें क्लोरोफॉर्मची परीक्षा करणारीं दोन मंडळें बसलीं. श्वासावर लक्ष ठेवा, हृदयाची भीति नको, असा त्यांचा निर्णय झाला. परंतु १९११ सालीं इंग्लंडांत गुडमन लेव्ही यांनीं मांजरांवर प्रयोग करून दाखविलें, कीं क्लोरोफॉर्मची गुंगी हलकी असतांना ॲड्रेनलिन टोंचलें, तर हृदयाची लय मोडून प्राण जाऊं शकतो. एकेकटें पारखलेलें औषध दुसऱ्याच्या संगतींत निराळें वागतें, हा त्यांतला धडा होय.

आज सोबती वाढले आहेत. डेक्सामेथासोननें बधिरता कांहीं तास वाढते, पण मधुमेह्याची साखरही चढूं शकते. शिवाय तेंच औषध शिरेंतून दिल्यानेंही बराचसा लाभ होतो. क्लोनिडीन व डेक्समेडेटोमिडीन यांनीं रक्तदाब उतरतो, नाडी मंदावते, गुंगी येते. ब्युप्रेनॉर्फिननें मळमळ व वांती होऊं शकते. कांहीं कुप्यांत औषध टिकविणारीं द्रव्यें असतात. तीं मज्जातंतूपाशीं नकोत, म्हणून तज्ज्ञ तशा कुप्या टाळतात. ह्यांतील बहुतेक औषधांना मज्जातंतूपाशीं देण्याची अधिकृत मान्यता नाहीं. तज्ज्ञ आपल्या अनुभवाच्या व अभ्यासाच्या आधारें तीं देतात.

वेदना रात्रभर दूर राहणें हें मोठें सुख आहे, विशेषतः ज्याची झोंपडी दवाखान्यापासून लांब आहे त्याला. पण बधिर हात चुलीशीं भाजला तरी कळत नाहीं, अंगाखालीं दबला तरी कळत नाहीं. तो झोळींत बांधून ठेवावा व घरच्यांनीं त्यावर लक्ष ठेवावें.

म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीं मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार व चालूं असलेलीं औषधें भूलतज्ज्ञास आवर्जून सांगावीं. सुईंत काय घालणार, कशासाठीं, आणि हात कधीं जागा होईल, हेंही विचारावें. ठरलेल्या वेळीं जाग आली नाहीं, तर ताबडतोब कळवावें. विचारणें म्हणजे अविश्वास नव्हे. चांगला वैद्य अशा प्रश्नाचें स्वागतच करतो.