उताऱ्यावरील प्रश्न आणि मुलांचे मत



‘झिपूने डगळा टिमकवला’ या वाक्याला काही अर्थ नाही. तरीही ‘डगळा कोणी टिमकवला?’ असे विचारताच कोणीही ‘झिपूने’ असे बिनचूक उत्तर देईल आणि त्याला पूर्ण गुण द्यावे लागतील. सोलापूरच्या मराठी शाळांतील अनेक वर्गांत इंग्रजी उताऱ्यावरील प्रश्न असेच सुटतात. प्रश्नातील शब्द उताऱ्यात हुडकावयाचा आणि ते वाक्य जसेच्या तसे उतरवावयाचे. याला आकलन म्हणण्याची प्रथा आहे.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीतच इंग्रजी सुरू झाले. पुढे दहावीला प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका आली. तिचा हेतू चांगलाच होता. उताऱ्याखाली आधी माहिती शोधावी, अखेरीस विद्यार्थ्याने स्वतःचे मत लिहावे. परंतु ते मत इंग्रजीत लिहावयाचे. म्हणून मतेही गाइडमधून पाठ होऊ लागली. साऱ्या वर्गाचे झाडांविषयी एकच मत, तेही स्वल्पविरामासकट!

हा दोष मुलांच्या बुद्धीचा नव्हे. कुंभारीच्या विडी कामगार वसाहतीतील एखादी मुलगी घरी तेलुगू बोलते, शेजारी कन्नड ऐकते, शाळेत मराठीतून शिकते. आईने वळलेल्या हजार विड्यांपैकी किती बाद ठरविल्या आणि का, हे ती कारखान्याच्या कारकुनाला खडसावून विचारू शकते. पुरावा मागणे, कारण तपासणे, न सांगितलेले ओळखणे हे सारे त्यात आले. चिकित्सक विचार याहून वेगळा तो काय असतो? तीच मुलगी इंग्रजीच्या तासाला मुकी होते. तेथे विचार आणि भाषा यांची परीक्षा एकदमच घेतली जाते आणि भाषेत अडली की तिचा विचारही शून्य धरला जातो.

उताऱ्याची चर्चा आधी मराठीत, जरूर तर तेलुगूत वा कन्नडात होऊ द्यावी. लेखक हे कशावरून म्हणतो, कोणाची बाजू त्याने सांगितलीच नाही, यावर मुले भांडू देत. मग इंग्रजीत तीन वाक्ये, मोडकी असली तरी स्वतःची. इंग्रजीच्या तासाला इतर भाषा नको, असा आक्षेप येईलच. तो घेणाऱ्यांनी सोलापूर जिल्ह्यातीलच परितेवाडीकडे पाहावे. तेथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा पाठ्यपुस्तके मुलांच्या मातृभाषेत आणण्याच्या त्यांच्या कामाचाही गौरव झाला.

मत लिहिण्याच्या कृतीत मुद्द्याचे गुण वेगळे आणि भाषेचे वेगळे मोजावेत, ही मागणी शिक्षक संघटनांनी परीक्षा मंडळापुढे ठेवावयास हवी. त्यासाठी सरकारला नवी इमारत बांधावी लागणार नाही.